अ‍ॅन फ्रँक : लपून काढलेल्या दोन वर्षांची वही
परभणी : जूनमध्ये शाळा उघडली की सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या बाजारात नव्या वह्यांची खरेदी सुरू होते. अशाच एका जूनमध्ये, १२ जून १९४२ रोजी, नेदरलँडच्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात एका मुलीला तेराव्या वाढदिवसाला लाल-पांढऱ्या चौकटींची वही मिळाली. ती मुलगी म्हणजे अ‍ॅन फ्रँक.

अ‍ॅनचा जन्म १९२९ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. घर ज्यू. हिटलर सत्तेवर आला तसं आई-वडिलांनी दोन्ही पोरींना घेऊन देश सोडला. पण १९४० मध्ये जर्मन फौजा नेदरलँडमध्येही घुसल्या. जुलै १९४२ मध्ये थोरल्या मार्गोला छावणीत हजर व्हायचं फर्मान आलं. दुसऱ्याच दिवशी सगळं घर वडील ओटो यांच्या कचेरीच्या मागच्या भागात जाऊन लपलं. पुढं आणखी चौघं आले. दार झाकायला पुस्तकांचं कपाट उभं केलं.

दिवसा खाली कामगार असायचे. मग पाय वाजू द्यायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, खोकला आला तरी दाबायचा. कचेरीतली विश्वासाची माणसं जीव धोक्यात घालून रेशन आणून द्यायची. कधी कित्येक दिवस एकच भाजी, कधी सडके बटाटे. अ‍ॅननं हेच लिहिलं. बटाटे सोलणं, आईशी खटके, टेबलावरून भांडण, रात्रीच्या विमानांची धास्ती. मार्च १९४४ मध्ये रेडिओवर डच मंत्र्यानं युद्धातल्या डायऱ्या जपून ठेवायला सांगितलं. ते ऐकून तिनं सगळं नव्यानं लिहायला घेतलं.

४ ऑगस्ट १९४४ ला पोलीस आले अन् आठही जणांना घेऊन गेले. १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सन छावणीत आधी मार्गो, मग अ‍ॅन गेली. वय अवघं पंधरा. आठांपैकी एकटे ओटो परतले. कचेरीतल्या मीप गीस यांनी मागं राहिलेले कागद गोळा करून ठेवले होते, ते त्यांच्या हाती दिले. १९४७ मध्ये पुस्तक निघालं.

तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. रझाकारांच्या भीतीनं मराठवाड्यातली कितीतरी घरं गाव सोडून सरहद्दीपलीकडं गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटका झाली. त्या वेळची लेकरं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. काय खाल्लं, रात्री कुठं लपलो, हे त्यांना अजून आठवतं. नातवंडांच्या एखाद्या वहीत ते उतरलं, तरच मागं राहील.