धावा मान्य, नेतृत्व अमान्य!

कसोटी सामन्यातला एखादा दिवस फलंदाजांनी गाजवला की चाहत्यांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. कोणी किती धावा काढल्या, कोणता फटका कसा बसला, यावर रात्र रात्र चर्चा रंगते. त्यात गैर काही नाही. पण या चर्चेतून सत्तेचा सवाल उभा राहिला तर काय घडते, हे सर फ्रँक वॉरेल यांच्या जीवनातून आम्हाला दिसते.

वॉरेल यांचा जन्म 1 ऑगस्ट 1924 रोजी वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस बेटावर झाला. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची ही भूमी. गुलामी कायद्याने संपली होती, पण मळे, बँका, कचेऱ्या आणि क्रिकेटची मंडळे गोऱ्यांच्याच हाती होती. वॉरेल सुरुवातीला डावखुरे फिरकी गोलंदाज होते आणि फलंदाजीला तळाला येत. तोच मुलगा एकोणिसाव्या वर्षी त्रिनिदादविरुद्ध नाबाद 308 धावा काढून मोकळा झाला. 1948 साली पहिल्याच कसोटीत त्यांनी 97 आणि पुढच्या कसोटीत नाबाद 131 धावा केल्या.

1950 साली वेस्ट इंडिजचा संघ इंग्लंडला गेला. 29 जूनला लॉर्ड्सवर इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी विजय मिळाला, तेव्हा लंडनमध्ये पोटापाण्यासाठी आलेले काळे कामगार गाणी गात मैदानात उतरले. नोकरीत, भाड्याच्या खोलीत जागोजागी अपमान गिळणारी ही माणसे! त्यानंतर जुलैमध्ये ट्रेंट ब्रिजवर वॉरेल यांनी दुसऱ्या दिवशी एका दिवसात द्विशतक ओलांडले. एव्हर्टन वीक्स यांच्यासह त्यांनी 283 धावांची भागीदारी केली आणि वॉरेल 261 वर थांबले. इंग्लंडमध्ये वेस्ट इंडिजच्या कोणत्याही फलंदाजाची ती सर्वोच्च खेळी पुढे 26 वर्षे टिकली.

पण त्या संघाचा कर्णधार कोण होता? गोरे जॉन गोडार्ड. 1957 सालीही तेच. त्या दौऱ्यात ट्रेंट ब्रिजवरच सलामीला उतरून वॉरेल शेवटपर्यंत नाबाद राहिले, 191 धावा केल्या, तरी हुकूम गोऱ्याचाच. 1948 साली महान फलंदाज जॉर्ज हेडली यांना एका कसोटीपुरते कर्णधारपद देऊन काळ्यांची बोळवण झाली होती. काळ्याने धावा काढाव्यात, डोके मात्र गोऱ्याने चालवावे, हाच तो न्याय!

आम्हाला हा न्याय नवा नाही. बाळू पालवणकर या चर्मकार समाजातील गोलंदाजाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्यांना चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळालेच नाही. 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, तेही भांडून.

वॉरेल यांनी मात्र शिक्षणाची कास सोडली नाही. ते मँचेस्टर विद्यापीठात शिकत असताना कर्णधारपदाची विचारणा झाली, तेव्हा त्यांनी आधी पदवी पूर्ण केली. शिक्षण घेऊन ते परतले, तरी 1960 च्या आरंभी इंग्लंडविरुद्ध नेतृत्व अलेक्झांडर यांच्याकडेच राहिले. मग त्रिनिदादमधील राष्ट्रीय चळवळीच्या मुखपत्राचे संपादक सी. एल. आर. जेम्स यांनी लेखणी उपसली. वॉरेल कर्णधार का नाहीत, हा सवाल त्यांनी अंकामागून अंक लावून धरला. धावांची चर्चा करणारे चाहते आता निवड समितीचा हिशेब मागू लागले. चळवळीला स्वतःचे वृत्तपत्र कशासाठी हवे, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

अखेर 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल यांची नेमणूक झाली. ब्रिस्बेनला कसोटी इतिहासातील पहिला बरोबरीचा सामना झाला. मालिका हातची गेली, तरी गोऱ्यांखेरीज इतरांना वसू न देणाऱ्या त्या देशात मेलबर्नच्या रस्त्यांवर लोटलेल्या प्रचंड गर्दीने या काळ्या कर्णधाराला निरोप दिला. वेगवेगळ्या बेटांत विखुरलेल्या खेळाडूंचा त्यांनी एक संघ बांधला. 15 कसोटींत नेतृत्व करून 9 जिंकल्या. 1963 साली इंग्लंडला त्यांच्याच घरी 3-1 असे हरवले आणि 1964 साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

1962 साली बार्बाडोसमध्ये चेंडू डोक्याला लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूशी झुंजत होते. प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेल रक्त द्यायला धावले. रक्ताला वर्ण नसतो, जात नसते. कोलकात्यात त्यांच्या स्मरणार्थ 3 फेब्रुवारीला रक्तदान होते. त्याच रक्ताच्या कर्करोगाने 13 मार्च 1967 रोजी, अवघ्या 42 व्या वर्षी, त्यांना नेले.

आज आमची मुले पदके आणतात, परीक्षांत पहिली येतात. टाळ्या वाजतात, हारतुरे होतात. पण निवड समितीत, संपादकाच्या आणि कुलगुरूच्या खुर्चीत आमचे किती, हे विचारले की गुणवत्तेचा जप सुरू होतो. गुणवत्ता तर वॉरेल यांनी कधीच सिद्ध केली होती. बाबासाहेबांनी आम्हाला शासनकर्ती जमात व्हायला सांगितले, ते उगाच नव्हे. टाळ्यांवर समाधान मानू नका. निर्णयाची खुर्ची मागा!