अटलांटिक लंघणारा वैमानिक

मारुतीने समुद्र उल्लंघून लंका गाठल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आकाशमार्गाने सागरापार जावे, ही माणसाची इच्छा फार पुरातन आहे. ती फलद्रूप होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९०३ साली अमेरिकेत राइट बंधूंनी आपले विमान प्रथम उडविले, तेव्हा पहिल्या खेपेस ते जेमतेम १२ सेकंद हवेत राहिले होते. त्यानंतर अवघ्या १६ वर्षांनी दोन धाडसी पुरुषांनी अटलांटिक महासागर कोठेही न थांबता विमानाने ओलांडला. त्यांपैकी विमान चालविणारा होता जॉन आल्कॉक. त्याला आयुष्य लाभले ते केवळ २७ वर्षांचे. परंतु विमानविद्येच्या बाल्यावस्थेतील वैभव आणि संकटे ही दोन्ही त्या अल्प आयुष्यात पुरेपूर सामावलेली आहेत.

जॉनचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरानजीक ओल्ड ट्रॅफर्ड येथे झाला. मँचेस्टर हे कापडाच्या गिरण्यांचे आणि यंत्रांचे माहेरघर. यंत्रांची आवड जॉनच्या ठिकाणी बालवयातच दिसून आली. शिक्षण संपताच तो मोटारींच्या एका कारखान्यात कामाला लागला. तेथे विमानांचा नाद असलेल्या काही मंडळींशी त्याची गाठ पडली आणि मोटारीच्या इंजिनावरून त्याचे लक्ष विमानाच्या इंजिनाकडे वळले. पुढे तो ब्रुकलँड्स येथील विमानतळावर मोरिस ड्युक्रॉक या फ्रेंच वैमानिकाकडे यंत्रकारागीर म्हणून राहिला. दिवसा इंजिने दुरुस्त करावीत आणि सवड सापडेल तेव्हा उड्डाणाचे धडे घ्यावेत, असा त्याचा क्रम होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला. १९१४ साली लंडन ते मँचेस्टर आणि परत अशी विमानांची शर्यत झाली, तीत त्याने तिसरा क्रमांक पटकावला.

त्या काळची विमाने कशी होती, हे ध्यानात घेतल्यावाचून आल्कॉकच्या धैर्याची कल्पना येणार नाही. बहुतेक विमानांना एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असत. इंजिनांची शक्ती बेताची असल्यामुळे विमान उचलून धरण्यास मोठ्या क्षेत्रफळाचे पंख लागत. आणि ते एकाच जोडीत बसविले, तर लांबीमुळे मोडण्याचे भय असे. म्हणून दोन जोड्या एकमेकींवर रचून त्यांच्यामध्ये लाकडी खांब उभे करीत आणि तारा ताणून सारा सांगाडा घट्ट बांधीत. पंखांवर कापड ताणून त्याला रोगण दिलेले असे. वैमानिकाची बैठक उघडीच असल्यामुळे वारा, पाऊस आणि बर्फ यांचा मारा त्याला थेट सोसावा लागे. इंजिन केव्हा बंद पडेल याचा भरवसा नसे आणि ढगात शिरल्यावर विमान सरळ आहे की कलले आहे, हे खात्रीने सांगणारे यंत्र तेव्हा उपलब्ध नव्हते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. आल्कॉक ब्रिटिश आरमाराच्या वैमानिक दलात दाखल झाला. आरंभी नव्या वैमानिकांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते. नंतर त्याला एजियन समुद्रातील लेम्नोस बेटावरील मुद्रोसच्या तळावर पाठविण्यात आले. ३० सप्टेंबर १९१७ हा दिवस त्याच्या आयुष्यात चिरस्मरणीय ठरला. त्या दिवशी एका लहान लढाऊ विमानातून त्याने शत्रूच्या तीन विमानांशी एकट्याने झुंज दिली आणि त्यांपैकी दोन समुद्रात पाडली. या पराक्रमाबद्दल पुढे त्याला शौर्यपदक मिळाले.

त्याच रात्री कॉन्स्टँटिनोपलवर बाँबफेक करण्यासाठी तो हँडली पेज जातीचे प्रचंड विमान घेऊन निघाला. या विमानाच्या पंखांचा विस्तार १०० फुटांचा होता आणि त्याला दोन इंजिने होती. गॅलिपोलीच्या आसपास एक इंजिन निकामी झाले. आल्कॉकने विमान मागे वळविले आणि उरलेल्या एका इंजिनावर ६० मैलांहून अधिक अंतर कापले. अखेरीस तेही बंद पडले आणि विमान सुव्हला उपसागराजवळ समुद्रात उतरले. आल्कॉक व त्याचे दोन सोबती तरंगत्या सांगाड्याला धरून राहिले. जवळून जाणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांचे लक्ष वेधण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. विमान बुडू लागले, तेव्हा सुमारे तासभर पोहून त्यांनी किनारा गाठला. पण तो किनारा तुर्कांच्या ताब्यात होता. तिघेही युद्धकैदी झाले आणि युद्ध संपेपर्यंत आल्कॉकला बंदिवासात राहावे लागले. दुसरा एखादा या अनुभवाने खचून गेला असता. आल्कॉकने मात्र त्या एकांतातच विमानाने अटलांटिक ओलांडण्याचा निश्चय केला, असे सांगतात.

इंग्लंडमधील डेली मेल या वृत्तपत्राने १९१३ सालीच १०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. अमेरिका खंड आणि ब्रिटिश बेटे यांमधील अटलांटिक महासागर जो विमानाने सलग ७२ तासांच्या आत ओलांडील, त्याला ते मिळणार होते. युद्धामुळे ही स्पर्धा थांबली होती, ती आता पुन्हा सुरू झाली. १९१९ च्या मार्चमध्ये सैन्यातून मोकळा होताच आल्कॉक व्हिकर्स कंपनीकडे गेला. व्हिकर्सने युद्धासाठी व्हिमी नावाचे दोन इंजिनांचे बाँबफेकी विमान तयार केले होते. पण ते सिद्ध होईतो युद्धच संपले. आता बाँबच्या जागी पेट्रोलच्या जादा टाक्या बसवून ते या मोहिमेसाठी सज्ज करण्यात आले. मार्ग दाखविण्यासाठी आर्थर व्हिटन ब्राउन हा सोबती मिळाला. तोही युद्धकैदी होऊन परतलेला होता. युद्धात त्याच्या पायाला जबर दुखापत झाल्यामुळे तो काठी टेकीत चालत असे; परंतु सूर्य आणि तारे पाहून आपले स्थान निश्चित करण्याच्या विद्येत तो निष्णात होता.

उड्डाण उत्तर अमेरिकेच्या पूर्व टोकावरील न्यू फाउंडलंड बेटावरून व्हायचे होते, कारण तेथून पूर्वेकडे येताना वारा बहुधा पाठीशी असतो. आल्कॉक आणि ब्राउन तेथे पोहोचण्यापूर्वीच इतर स्पर्धक सिद्ध होऊन बसले होते. १८ मे १९१९ रोजी हॅरी हॉकर आणि त्याचा सोबती यांनी उड्डाण केले. परंतु इंजिन तापू लागल्याने त्यांना वाटेतच समुद्रावर उतरावे लागले. एका डॅनिश जहाजाने त्यांना वाचविले. त्याच दिवशी दुसऱ्या जोडीचे विमान जमिनीवरून उठतानाच कोसळले. हे सारे ठाऊक असूनही आल्कॉक आणि ब्राउन यांचा निर्धार ढळला नाही.

१४ जून १९१९ रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास सेंट जॉन्स गावाजवळच्या एका ओबडधोबड मैदानावरून त्यांचे विमान निघाले. त्यात ८६५ गॅलन पेट्रोल भरले होते. त्या ओझ्यामुळे ते मोठ्या कष्टाने जमीन सोडून उठले. काही वेळातच बिनतारी यंत्राला वीज पुरविणारा जनित्र बिघडला आणि जगाशी त्यांचा संबंध तुटला. मग एका इंजिनाची धूर सोडणारी नळी फुटली आणि तिच्या कर्कश आवाजात एकमेकांशी बोलणेही अशक्य झाले. खाली धुके आणि वर ढग, यांमुळे ब्राउनला ना सूर्य दिसेना ना समुद्र. मध्यरात्रीनंतर ढगांच्या फटीतून क्षणभर तारे दिसले. तेवढ्यात त्याने मापन करून पाहिले, तो विमान योग्य मार्गावर होते.

खरे संकट पहाटेपूर्वी ओढवले. विमान एका दाट ढगात शिरले. पावसाळ्यात घाटातून प्रवास करणाऱ्याला चार पावलांवरचे झाड दिसेनासे होते, तशीच स्थिती येथे झाली. भेद एवढाच, की घाटात पायाखाली जमीन तरी असते. माणसाला तोल कळतो तो डोळ्यांमुळे आणि कानाच्या आतील सूक्ष्म इंद्रियामुळे. डोळ्यांपुढे काहीच नसेल, तर हे इंद्रियही फसते. विमान एकसारख्या गतीने वळत राहिले, तर थोड्या वेळाने ते सरळ जात आहे असाच भास होतो. आल्कॉकचे असेच झाले. वेग दाखविणारे यंत्र अडकून बसले आणि विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागले. वर कोणते, खाली कोणते, हेच कळेना. अकस्मात ढग संपला आणि समुद्र दिसला, तो शंभर फुटांहूनही जवळ आला होता! आल्कॉकने निमिषार्धात तोल साधून विमान सावरले. होकायंत्र पाहिले, तेव्हा विमानाचे तोंड पुन्हा अमेरिकेकडे फिरले होते. काहीही न बोलता त्याने ते वळविले आणि पूर्वेची वाट धरली.

पुढे बर्फाचा मारा सुरू झाला. पेट्रोलचा प्रवाह दाखविणारी काच बैठकीच्या बाहेर एका खांबावर होती. ती बर्फाने झाकली गेली की ब्राउनला दुखऱ्या पायाने वर उठून पुसावी लागे. अखेर १५ जूनच्या सकाळी आयर्लंडचा किनारा दृष्टीस पडला. क्लिफ्डन गावाजवळ बिनतारी केंद्राचे खांब पाहून आल्कॉकने एक हिरवेगार मैदान उतरण्यासाठी निवडले. ते मैदान नव्हते, दलदल होती. चाके टेकताच चिखलात रुतली आणि विमानाचे नाक जमिनीत घुसले. सुदैवाने दोघेही सुखरूप होते. सुमारे १,८९० मैलांचा, म्हणजे जवळजवळ ३,०४० किलोमीटरचा तो प्रवास होता आणि महासागर ओलांडण्यास त्यांना १६ तासांपेक्षा थोडा कमीच वेळ लागला होता.

इंग्लंडमध्ये त्यांचे अपूर्व स्वागत झाले. थोड्याच दिवसांत राजा पाचवा जॉर्ज याने दोघांनाही सर ही पदवी दिली. पारितोषिकाच्या रकमेतून २,००० पौंड त्यांनी विमानाची सिद्धता करणाऱ्या कारागिरांना वाटून दिले. हातात पाना घेऊन आयुष्याला आरंभ करणारा आल्कॉक आपल्या जुन्या व्यवसायबंधूंना यशाच्या वेळी विसरला नाही.

१५ डिसेंबर १९१९ रोजी ते ऐतिहासिक विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला अर्पण करण्यात आले. तीनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, आल्कॉक व्हिकर्सचे व्हायकिंग नावाचे नवे विमान घेऊन पॅरिसच्या प्रदर्शनाकडे एकटाच निघाला. जमिनीवर आणि पाण्यावरही उतरू शकणारे हे विमानही दोन जोड पंखांचेच होते. अंतर अटलांटिकच्या मानाने किरकोळ होते. परंतु उत्तर फ्रान्सवर दाट धुके पसरले होते. रूआँ शहराजवळच्या कोतेव्रार या खेड्यापाशी उतरण्याचा प्रयत्न करीत असता विमान कोसळले. आल्कॉकच्या मस्तकाला प्राणघातक इजा झाली आणि शुद्धीवर न येताच त्याने देह ठेवला. महासागरावर ज्या संकटाने त्याला शंभर फुटांवरून सोडले होते, त्याने शेतीवाडीच्या सपाट मुलखात त्याला गाठले. मँचेस्टरच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

अशा आपत्तीत बळी पडलेला तो एकटाच नव्हता. १९१९ च्या अखेरीस व्हिमी विमानानेच इंग्लंडहून कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता या मार्गाने ऑस्ट्रेलिया गाठणारा रॉस स्मिथ हाही १९२२ साली ब्रुकलँड्स येथे व्हायकिंग जातीच्याच विमानाला अपघात होऊन मरण पावला. त्याच वर्षी ७ एप्रिलला लंडन-पॅरिस मार्गावरील दोन विमाने, एक इंग्रज आणि एक फ्रेंच, धुक्यात एकाच वाटेने समोरासमोर आली आणि उत्तर फ्रान्समध्ये त्यांची टक्कर होऊन सातही जण प्राणास मुकले. प्रवासी विमानांची हवेतील ही पहिलीच टक्कर होय.

या अपघातांतून माणूस शिकत गेला. हवेतील वाटा आखल्या गेल्या आणि वाटेची उजवी बाजू धरण्याचे नियम झाले. ढगातही क्षितिज दाखविणारे यंत्र तयार झाले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल या अमेरिकन वैमानिकाने बैठक पूर्ण झाकून घेऊन, बाहेर काहीही न पाहता, केवळ यंत्रांच्या आधारे विमान उडविले आणि सुखरूप उतरविले. असे साधन आल्कॉकपाशी असते, तर कदाचित तो त्या दिवशी पॅरिसला पोहोचला असता.

१९५४ साली लंडनच्या विमानतळावर आल्कॉक आणि ब्राउन यांचा पुतळा उभारण्यात आला. आज शेकडो प्रवासी अटलांटिकवरून निश्चिंतपणे झोपून जातात. खिडकीबाहेर धुके असले तरी त्यांना त्याची वार्ताही नसते. ही निश्चिंती आपल्याला फुकट मिळालेली नाही. जे धुक्यात शिरले आणि परतले नाहीत, त्यांनी तिचे मोल आधीच चुकते केले आहे.