शेणाच्या उबेवर पिलं काढणारा शास्त्रज्ञ

टर्कीची अंडी हौसेनं आणून ठेवलीत आणि घरात एकही कोंबडी खुडूक नाही, तर काय कराल? असाच प्रश्न अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका माणसानं हाती घेतला होता. त्यांचं नाव रेने रेओमूर.

त्यांचा जन्म १६८३ सालचा, ला रोशेल या बंदराच्या गावचा. १७०८ मध्ये, ऐन पंचविशीत, ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले. त्यांनी पोलादावर काम केलं आणि किड्यांवर सहा जाडजूड खंड लिहिले. १७३० च्या सुमारास तापमापी तयार केली. पाणी गोठतं तिथं शून्य आणि उकळतं तिथं ८०, असं तिचं माप. हीच तापमापी पुढं कोंबड्यांच्या कामी आली.

इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवीत. पण ही विद्या ठराविक लोकांच्याच हातात. अंडं डोळ्याच्या पापणीला लावायचं आणि ऊब ओळखायची, ही त्यांची रीत. रेओमूर यांनी विचार केला, हीच ऊब मापानं सांगता आली तर कुणाही शेतकऱ्याला हे जमेल आणि खुडूक कोंबडीची वाट बघायला नको.

मग त्यांनी ताज्या शेण-लिदीचा ढीग घातला, त्यात पीप पुरलं आणि पिपात अंड्यांच्या टोपल्या ठेवल्या. ऊब बरोबर लागली, पण पिलं अंड्यातच मेली. शोध घेतला तेव्हा कळलं, शेणाची ओली वाफ आत शिरत होती. पीप आतून लिंपून ती वाट बंद केली, झाकणाला हवेसाठी भोकं ठेवली, तेव्हा कुठं पिलं बाहेर पडली. पावाच्या भट्टीवरच्या खोलीतली ऊबही त्यांनी वापरून पाहिली. तापमापी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी लोणी-चरबीची बाटली सुचवली. ते मिश्रण वितळण्यावरून ऊब समजे. हे सगळं त्यांनी १७४९ च्या ग्रंथात मांडलं. १७५७ मध्ये घोड्यावरून पडल्याचं निमित्त होऊन ते गेले.

आता तुमच्या अंड्यांकडे वळू. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, टर्कीला २८ दिवस लागतात. पंख्याच्या उबवणी यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस ऊब ठेवा. रेओमूर यांच्या मापात ती ३० भरते. २५ व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवा. शेवटचे तीन दिवस फिरवू नका, आत ओलावा वाढवा आणि झाकण सारखं उघडू नका.

एवढं करूनही पिलं अंड्यात मेली, तर नशिबाला बोल लावून यंत्र माळ्यावर टाकू नका. ऊब, ओलावा आणि हवा यांची रोजची नोंद वहीत ठेवा. चूक कुठं झाली ते त्या वहीतच सापडेल.