टप कापणारा सॅम

बॅटमोबाइल आठवतेय? १९६६ च्या टीव्ही मालिकेतली ती काळी गाडी घडवणारा जॉर्ज बॅरिस गाडीवेड्या दोस्तांना माहीत असेलच. पण त्याचा भाऊ सॅम? त्याचं नाव क्वचितच ऐकलं असेल.

ग्रीक कुटुंबातली ही पोरं कॅलिफोर्नियात नातेवाइकांकडे वाढली. घरच्या जुन्या बुइकवर त्यांचा हात बसला. दुसऱ्या महायुद्धात सॅम नौदलात होता. परतल्यावर तो लॉस एंजेलिसला जॉर्जच्या गॅरेजात आला. जॉर्ज फोटो काढायचा, गिऱ्हाइकं आणायचा. सॅम पत्रा कापायचा, जोडायचा.

१९५१ मध्ये त्यानं स्वतःच्याच १९४९ च्या मर्क्युरीचा टप कापला. खांब छाटून टप खाली आणायचा म्हणजे काचा नव्यानं बसवा, मागचा उतार पुन्हा जुळवा. माप चुकलं तर सगळंच वाकडं! पुढच्या वर्षी बॉब हिरोहाटा या तरुणाची मर्क्युरी आली. सॅमनं तिचा टप पुढून ४, मागून ७ इंच उतरवला, दारांमागचे खांबच काढले. तीच जगप्रसिद्ध ‘हिरोहाटा मर्क’.

काही वर्षांत सॅमनं गॅरेज सोडलं. १९६७ मध्ये कॅन्सरनं गेला, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. १९५९ मध्ये एका पोरानं ५०० डॉलरला घेतलेली ती मर्क २०२२ च्या लिलावात २० लाख डॉलरच्या वर गेली.

तेव्हा एखादी मॉडिफाय केलेली गाडी आवडली, तर गॅरेजची पाटी वाचून परत फिरू नका. आत जा आणि पत्र्याचं काम कोणी केलं, ते विचारा.