लॅम्डामागचे प्रोफेसर

कॉलेजच्या मार्कलिस्टवर प्रोग्राम लिहायचाय. नापासांची यादी, ७५ टक्क्यांच्या वरच्यांची यादी, एटीकेटीवाल्यांची यादी. तुम्ही काय करता? एक फंक्शन लिहिता, दोनदा कॉपी-पेस्ट करता आणि प्रत्येकात अट तेवढी बदलता. मग मॅडम म्हणतात, गैरहजर मुलं वगळा. दोन ठिकाणी दुरुस्ती होते, तिसरीकडे राहून जाते. झाला घोळ!

यावर उपाय आहे. लूप एकदाच लिहायचा आणि अट फंक्शन म्हणून बाहेरून द्यायची. पायथनमध्ये अशी छोटी अट ‘लॅम्डा’ने लिहितात. हा शब्द आपल्याला दिला अलोन्झो चर्च यांनी.

चर्च यांचा जन्म १९०३ चा, वॉशिंग्टनमधला. शाळेत असताना एअरगनच्या अपघातात एक डोळा गेला. पण गडी प्रिन्स्टनला गणित शिकला, डॉक्टरेट मिळवली आणि १९२९ पासून तिथेच शिकवू लागला.

सगळ्या गणिताला तर्काचा पक्का पाया द्यायचा, असा चर्च यांचा बेत होता. त्यासाठी १९३२ मध्ये त्यांनी नवी पद्धत मांडली. तिच्यात एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनला इनपुट म्हणून देता येत होतं. पण १९३५ मध्ये क्लीनी आणि रॉसर यांनी दाखवून दिलं, की ही पद्धत स्वतःलाच खोटं पाडते. दोघंही चर्च यांचेच विद्यार्थी!

दुसरा कुणी खचला असता. चर्च यांनी तर्काचा भाग सोडून दिला आणि फंक्शनांचा भाग तेवढा ठेवला. तोच लॅम्डा कॅल्क्युलस. त्याच्याच जोरावर १९३६ मध्ये त्यांनी सिद्ध केलं, की तर्कशास्त्रातलं कुठलंही विधान सिद्ध होतं की नाही, हे ठरवणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. त्याच वर्षी अ‍ॅलन ट्युरिंग वेगळ्या वाटेने तिथेच पोचले आणि पुढे चर्च यांच्याच हाताखाली त्यांनी पीएचडी केली.

तेव्हा आजच्यासारखे कॉम्प्युटर नव्हतेच. १९५८ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी लॅम्डा उचलला. जावात तो यायला २०१४ उजाडलं. चर्च मात्र १९९५ मध्येच गेले होते.

तेव्हा पुढच्या वेळी कंट्रोल-सी दाबण्याआधी जरा थांबा. या दोन फंक्शनांत नेमकं बदलतंय काय? तेवढंच बाहेरून द्या. उरलेलं एकदाच लिहा. मॅडमनी पुन्हा बदल सांगितला, तरी दुरुस्ती एकाच जागी करावी लागेल.