शिष्यत्व आणि स्वत्व : काशीबाई कानिटकरांची लेखनदीक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहू पाहणाऱ्या मराठी स्त्रीपुढे विषयाची वाण नव्हती. वाण होती ती लिहिलेले दाखवावे कोणाला, याची. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे वाङ्मयीन चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 'आद्य स्त्री-कादंबरीकार' हे त्यांना सर्रास दिले जाणारे बिरुद फारसे टिकणारे नाही. साळूबाई तांबवेकरांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' १८७३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. काशीबाईंचे महत्त्व अन्यत्र आहे. मार्गदर्शन घेता घेता त्या मार्गदर्शकाच्या छायेतून बाहेर आल्या, हे त्यांच्या लेखनातून टप्प्याटप्प्याने दिसते.

अष्टे येथील बापट घराण्यात जन्मलेल्या काशीबाईंचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. गोविंदराव कवी होते, शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' आणि मिलचा स्त्रियांच्या परवशतेविषयीचा प्रबंध मराठीत आणणारे भाषांतरकार होते, आणि त्यांना शिकलेली सहचारिणी हवी होती. एकत्र कुटुंबात सुनेने पुस्तक हाती धरणे म्हणजे थट्टेला आणि रोषाला आमंत्रण. म्हणून काशीबाईंचे आरंभीचे शिक्षण चोरूनमारून झाले. पतीची इच्छा हीच या शिक्षणाची प्रेरणा आणि तीच त्याची मर्यादा, ही गोष्ट स्त्रीशिक्षणाचा गौरव करताना पुष्कळदा नजरेआड होते. सुधारकाची पत्नी शिकत असे ती प्रथम परीक्षार्थी म्हणून, आणि तिचा परीक्षक घरातच असे.

पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आर्य महिला समाजाने काशीबाईंना घराबाहेरचा श्रोतृवर्ग दिला. त्याहून निर्णायक ठरला तो हरि नारायण आपट्यांचा स्नेह. हरिभाऊ गोविंदरावांचे मित्र, काशीबाईंहून तीन वर्षांनी धाकटे. ते काशीबाईंना वाचनाची दिशा दाखवीत, लेखनाविषयी पत्रे लिहीत. आणि आपले लेखनही त्यांच्यापुढे ठेवीत. येथे गुरुशिष्यनात्याची नेहमीची मांडणी अपुरी पडते. इंग्रजी कादंबरीचे वाचन हरिभाऊंपाशी होते. माजघरात, सोवळ्याओवळ्यात, सासुरवासात स्त्रीच्या मनाचे काय होते याचे ज्ञान काशीबाईंपाशी होते. 'पण लक्षांत कोण घेतो?!' मध्ये यमूच्या मुखाने सारी कथा सांगण्याचे धाडस हरिभाऊंनी केले, त्यामागे केवळ काशीबाई होत्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अशा संवादावाचून ते धाडस इतके सहज वठले असते, असेही वाटत नाही.

'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' या मासिकातून प्रकरणशः येऊ लागलेली 'रंगराव' ही काशीबाईंची कादंबरी ग्रंथरूपाने निघाली ती १९०३ मध्ये. तिच्यावर हरिभाऊंच्या वळणाची छाप स्पष्ट आहे. सुशिक्षित दांपत्याचा आदर्श तीत रंगविला आहे आणि काही प्रकरणे उपदेशाच्या भाराने वाकली आहेत. शिकाऊपण येथे लपत नाही.

मात्र त्याआधीच, १८८९ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात निराळ्याच काशीबाई भेटतात. आनंदीबाई १८८७ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या पत्रव्यवहाराचा आधार घेताना काशीबाईंपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. गोपाळराव जोशी हे पत्नीचे शिक्षक आणि तिच्या कीर्तीचे शिल्पकार म्हणून सर्वत्र वाखाणले गेले होते. पत्रांतून मात्र त्यांनी बालपत्नीला केलेली मारहाण आणि तिचा केलेला मनोभंग उघड होत होता. चरित्रनायिकेच्या पतीविषयी अशी माहिती दडवणे हा त्या काळचा शिष्टाचार. काशीबाईंनी ती दडवली नाही; गोपाळरावांचे श्रेय मान्य करून त्यांचा कठोरपणाही वाचकांसमोर ठेवला. पतीकडून शिकण्याची किंमत काय असते हे जाणणाऱ्या लेखिकेलाच हा समतोल साधता आला असावा. या ठिकाणी हरिभाऊंचे वळण उपयोगी पडणारे नव्हते. पुरुषाच्या दयाबुद्धीतून स्त्रीचे दुःख पाहणे आणि उपकाराच्या ओझ्याखाली असलेल्या स्त्रीचे मौन वाचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्याच वर्षी मुंबईला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात जे मोजके स्त्री-प्रतिनिधी होते त्यांत पंडिता रमाबाईंसमवेत काशीबाईही होत्या. पुढे त्या थिऑसफीकडे वळल्या. गोविंदराव १९१८ मध्ये वारले, हरिभाऊ १९१९ मध्ये. त्यानंतर १९२१ मध्ये 'चांदण्यातील गप्पा' हा कथासंग्रह आणि १९२८ मध्ये 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वेडसर संस्थानिकाशी विवाह झालेली नायिका राज्यसूत्रे हाती घेऊन स्त्रियांच्या साह्याने कारभार चालविते, अशी या कादंबरीची कल्पना. रचना सैल आहे, संभाव्यतेची चाड फारशी नाही. पण 'रंगराव'मध्ये सुधारक पतीभोवती फिरणारे कथानक येथे पतीला जवळजवळ वगळूनच उभे राहते.

हरिभाऊंची आपल्याला आलेली पत्रे काशीबाईंनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. स्वतःचे आत्मचरित्र मात्र त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते सरोजिनी वैद्य यांच्या संपादनाने, चरित्राच्या जोडीने, काशीबाईंच्या निधनानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने वाचकांच्या हाती आले.