नकार कोणाला परवडतो?

मजुरीचा दर कसा ठरतो हे वर्गात शिकविताना एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे फार अवघड जाते. मागणी-पुरवठ्याच्या रेषा त्यांना चटकन उमजतात. परंतु एखादे काम नाकारण्याची ताकद काम करणाऱ्याच्या अंगी केव्हा येते, हा प्रश्न त्या रेषांत मावत नाही. या प्रश्नाचा विचार करताना मला डोलोरेस देल रिओ या मेक्सिकन नटीची कारकीर्द हटकून आठवते. हॉलिवूडमध्ये अव्वल दर्जाची कीर्ती मिळविणारी ही पहिली मेक्सिकन अभिनेत्री. तिच्या सौंदर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिने नाकारलेल्या भूमिकांविषयी त्या मानाने कमीच.

डोलोरेसचा जन्म 1904 साली उत्तर मेक्सिकोतील दुरांगो येथे एका सधन कुटुंबात झाला. वडील बँकेत वरिष्ठ पदावर होते. 1910 साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला आणि या घराण्याच्या वैभवाला उतरती कळा लागली. पांचो व्हियाच्या सैन्याच्या भीतीने वडील सीमेपलीकडे अमेरिकेत गेले, तर मायलेकींनी मेक्सिको शहरात आश्रय घेतला. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याला वेगळाच अर्थ येणार आहे. 1921 साली, कोवळ्या वयातच, तिचा हाइमे मार्तिनेस देल रिओ या धनिकाशी विवाह झाला आणि 1925 साली अमेरिकन दिग्दर्शक एडविन कारू याच्या आग्रहावरून हे दांपत्य हॉलिवूडला आले.

तेथे पहिला खटका उडाला तो जाहिरातीवरून. मेक्सिकन म्हटले की अमेरिकन प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे शेतमजूर किंवा दरोडेखोर उभा राही. म्हणून प्रसिद्धिखात्याने तिला स्पॅनिश ठरविले. युरोपचा शिक्का मारला की मालाला भाव चढतो, हा व्यापारी हिशेब त्यामागे होता. डोलोरेसने आपण मेक्सिकन आहोत आणि तसेच छापले जावे, असा आग्रह धरला. पडद्यावर मात्र तिच्या वाट्याला जगातल्या सगळ्या जाती आल्या. 'व्हॉट प्राइस ग्लोरी'मध्ये ती फ्रेंच झाली, 'रेझरेक्शन'मध्ये रशियन, 1928 च्या 'रामोना'मध्ये अर्धी आदिवासी, 1932 च्या 'बर्ड ऑफ पॅराडाइज'मध्ये दक्षिण समुद्रातील बेटावरची कन्या. मूकपटांच्या काळात हे खपून गेले. बोलपट आला तेव्हा तिचे स्पॅनिश वळणाचे इंग्रजी ऐकू येऊ लागले आणि परदेशी मोहिनी हा एकच साचा तिच्यासाठी उरला.

1932 सालच्या 'गर्ल ऑफ द रिओ'त तिने सीमेवरच्या गुत्त्यातील नर्तकीची भूमिका केली. त्यातील मेक्सिकन माणसांचे चित्रण इतके हिणकस होते की मेक्सिकोच्या सरकारने निषेध नोंदविला. चूक तिची होती, आणि बहुधा तिने ती ओळखलीही. कारण थोड्याच काळात 'व्हिवा व्हिया!' (1934) या चित्रपटातील भूमिका तिने नाकारली. तो चित्रपट मेक्सिकोचा अवमान करणारा आहे, असे तिचे मत होते. ज्या व्हियाच्या धाकाने तिचे घर देशोधडीला लागले, त्याच्याच नावाच्या चित्रपटाला देशाच्या अब्रूसाठी नकार देणारी ही स्त्री होती.

त्याच काळात दुसऱ्या एका मुलीने वेगळी वाट धरली. मार्गारिता कान्सिनो हिचे नाव बदलले, केस रंगविले, कपाळावरची केसांची रेषासुद्धा विजेच्या उपचारांनी मागे नेली आणि त्यातून रिटा हेवर्थ घडली. तिला दोष देण्याचे कारण नाही. बाजाराने दोनच पर्याय ठेवले होते : ओळख पुसा, नाहीतर ओळखीचे विडंबन करा.

डोलोरेसला तिसरा पर्याय सापडला, आणि यात केवळ तिच्या बाणेदारपणाचे श्रेय आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. दुसऱ्या महायुद्धात मेक्सिको दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उतरला; त्यामुळे अमेरिकेकडून त्याला कच्ची फिल्म मिळत राहिली, तर तटस्थ राहिलेल्या अर्जेंटिनाचा पुरवठा आखडला गेला. 1942 साली मेक्सिकोत चित्रपटांना कर्ज देणारी स्वतंत्र बँक निघाली. भांडवल होते, फिल्म होती, स्पॅनिश बोलणाऱ्या देशांची बाजारपेठ मोकळी होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर, हॉलिवूडमधील मागणी ओसरलेली असताना, ती मायदेशी परतली. दिग्दर्शक एमिलिओ फर्नांदेस, छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ आणि नट पेद्रो आर्मेंदारिस यांच्या साथीने 'फ्लोर सिल्व्हेस्त्रे' आणि 'मारिया कांदेलारिया' हे चित्रपट निघाले. 1946 साली कान महोत्सवात ज्या अकरा चित्रपटांना सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले त्यांत 'मारिया कांदेलारिया' होता. चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'ही त्याच यादीत होता, हे आपल्याकडील कित्येकांना ठाऊक नसते.

मात्र येथे एक खटकणारी गोष्ट नोंदविली पाहिजे. सोचीमिल्कोच्या कालव्यांवर फुले विकणारी ती अनवाणी आदिवासी मुलगी रंगविली कोणी, तर दुरांगोच्या बँकवाल्याच्या गोऱ्या लेकीने. हॉलिवूडने मेक्सिकनांना जे नाकारले, तेच मेक्सिकोच्या चित्रसृष्टीने आपल्या आदिवासींना नाकारले. डोलोरेसने या अन्यायाविरुद्ध आवाज उठविल्याचे दिसत नाही.

अमेरिकेने तिला सहजासहजी परत घेतले नाही. 1954 साली 'ब्रोकन लान्स' या चित्रपटासाठी तिची निवड झाली होती. पण साम्यवाद्यांविषयी सहानुभूती असल्याच्या संशयावरून तिला प्रवेशाची परवानगी मिळाली नाही. आदिवासी पत्नीची ती भूमिका केटी हुरादो या दुसऱ्या मेक्सिकन नटीकडे गेली आणि तिला ऑस्करसाठी नामांकन मिळाले. डोलोरेस 1960 साली हॉलिवूडमध्ये पुन्हा दिसली, ती 'फ्लेमिंग स्टार'मध्ये एल्व्हिस प्रेस्लीची आदिवासी आई म्हणून.

उतारवयात तिने हाती घेतलेले काम मला तिच्या चित्रपटांइतकेच मोलाचे वाटते. चित्रीकरणाच्या वेळा अवेळीच्या. तान्ह्या मुलाची आई असलेल्या नटीपुढे बहुतेक वेळा एकच मार्ग उरे, काम सोडण्याचा. 1970 साली मेक्सिकोतील नट-नट्यांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू करण्यात तिने पुढाकार घेतला आणि पुढे अनेक वर्षे त्याचा कारभार स्वतः पाहिला. 11 एप्रिल 1983 रोजी कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले, तेव्हा ते पाळणाघर चालू होते.